रास्पबेरी पाय ४: जुना ३२ बिटचा प्रोग्रॅम ६४ बिटच्या कर्नलवर तपासण्यासाठी (दीड वर्ष वापरल्यानंतर)

२०२४ च्या ऑगस्टमध्ये मी रास्पबेरी पाय ४ घेतला, म्हणजे एकाच बोर्डावरचा छोटा संगणक, चार जीबी रॅमचा. टीव्हीला जोडायला किंवा मुलांच्या प्रोजेक्टला हा बोर्ड कसा आहे, यावर वाचायला भरपूर मिळतं. मी तो ज्या कामाला लावला त्यावर मराठीत मला काही सापडलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. काम असं: ३२ बिटसाठी बांधलेला (कंपाइल केलेला) प्रोग्रॅम ६४ बिटच्या लिनक्स कर्नलवर (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर) चालवला, तर कर्नलशी होणारी त्याची देवाणघेवाण बाइटला बाइट तशीच राहते का, हे तपासणं.

मी सांगलीत विश्रामबागला राहते. कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. वजनकाट्याच्या लोडसेलचा (वजन जाणणाऱ्या सेन्सरचा) सिग्नल घेणारं यूएसबी कार्ड आम्ही बनवतो. त्याचा लिनक्स ड्रायव्हर, म्हणजे कार्ड आणि कर्नल यांना जोडणारा कोड, मी सांभाळते. आमची कार्डं जातात ती बहुतेक ऊस मोजणाऱ्या काट्यांवर. काट्याच्या केबिनमध्ये एक प्रोग्रॅम चालतो. तो ड्रायव्हरकडून वजन घेतो आणि पावती छापतो. भरलेल्या ट्रॉलीचं एक वजन, रिकाम्या ट्रॉलीचं दुसरं, वजाबाकी करून निव्वळ ऊस.

माझे वडील वाळवा तालुक्यात ऊस लावतात. कारखान्याला गाडी नेण्याआधी आप्पा बाहेरच्या काट्यावर ट्रॉली घालायचे आणि वजन खिशातल्या वहीत लिहून ठेवायचे. अजूनही ठेवतात. आमचं कार्ड लागलेल्या एका काट्यावर मी उभी होते तेव्हा एका शेतकऱ्याने मला विचारलं होतं, "ताई, काटा बराबर हाय न्हवं?" मी "हो" म्हणाले. त्या "हो"मागे काय काय तपासलेलं असलं पाहिजे, हे मला त्या दिवसापासून फार नीट कळतं.

तर अडचण काय होती ते आधी सांगते. केबिनमधला तो पावतीचा प्रोग्रॅम ३२ बिटचा आहे आणि त्याचा सोर्स (मूळ कोड) आता कुणाकडेच नाही. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागातल्या आमच्या जुन्या ऑफिसात पाणी शिरलं आणि बॅकअपची डिस्क त्यात गेली. उरली ती फक्त बांधून झालेली फाइल. ती चालते, पण बदलता येत नाही. इकडे जुने पीसी मरत चालले, नव्या पीसीवर कर्नल ६४ बिटचाच येतो. डेबियन या लिनक्सच्या डिस्ट्रोने (तयार संचाने) तर २०२५ मध्ये १३ वी आवृत्ती काढताना ३२ बिट इंटेलसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर देणंच बंद केलं. शिवाय गेल्या काही वर्षांत आम्ही पीसीऐवजी आर्म प्रोसेसरचा छोटा डबाही देतो, त्यातला प्रोग्रॅमही ३२ बिटचा. म्हणजे दोन्हीकडे तीच परिस्थिती: वर जुना ३२ बिटचा प्रोग्रॅम, खाली नवा ६४ बिटचा कर्नल.

३२ बिटच्या जगात इंट आणि लाँग हे आकड्यांचे प्रकार आणि पॉइंटर (मेमरीतला पत्ता) तिघेही चार बाइटचे. ६४ बिटच्या लिनक्समध्ये इंट चारचाच राहतो, लाँग आणि पॉइंटर आठचे होतात. प्रोग्रॅम कर्नलला एखादं स्ट्रक्चर, म्हणजे ठरावीक क्रमाने मांडलेल्या घटकांचा गठ्ठा, देतो तेव्हा दोघांच्या डोक्यात त्याचा नकाशा एकच हवा. नाहीतर एकाने ठेवलेलं वजन दुसरा भलत्याच जागेवरून उचलतो. कर्नलमध्ये यासाठी कम्पॅट नावाचा थर आहे. नेहमीच्या सिस्टिम कॉलचं (प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेल्या मागण्यांचं) भाषांतर तो करतो. पण ड्रायव्हरचे स्वतःचे जे आयॉक्टल (त्या उपकरणापुरते खास कॉल) असतात, त्यांचं भाषांतर ड्रायव्हर लिहिणाऱ्यानेच करायचं असतं. २००५ पासून, म्हणजे २.६.११ पासून, त्यासाठी वेगळी जागा ठेवलेली आहे. ती जागा मी रिकामी सोडली तर कर्नल काही अंदाज बांधत बसत नाही, सरळ चूक परत करतो.

आता बोर्डाकडे येते. पाय ४ मध्ये ब्रॉडकॉमची २७११ चिप आहे, तिच्यात आर्मची चार कॉर्टेक्स ए७२ कोअर. ही कोअर ६४ बिटची, पण ३२ बिटचा कर्नलही ती स्वतः चालवते. रास्पबेरी पाय ओएसची ३२ बिटची प्रत मेमरी कार्डावर टाकली की त्यात दोन्ही कर्नल येतात. बूटच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'आर्म_६४बिट' नावाची एक ओळ आहे. तिथे ० लिहून रीबूट केलं की ३२ बिटचा कर्नल उठतो, १ लिहिलं की ६४ बिटचा. बाकी सगळं तेच. तोच बोर्ड, तेच कार्ड, त्याच लायब्ररी, तोच प्रोग्रॅम, तीच यूएसबी केबल. बदलला फक्त कर्नल.

ही सोय किती मोठी आहे हे सहज लक्षात येत नाही. तपासणी करताना नेहमीचा घोळ हा असतो की दोन मशीनवर दोन वेगळी उत्तरं आली तर फरक नेमका कशामुळे, हे शोधण्यातच दोन दिवस जातात. वेगळी डिस्ट्रो? वेगळा कंपायलर? वेगळा यूएसबी हब? पाय ४ वर तो प्रश्नच उरत नाही. यूनेम या कमांडला कर्नल कोणता विचारलं तर ती एआर्क६४ (aarch64, ६४ बिटचा आर्म) सांगते, गेटकॉन्फ या कमांडला लाँग किती बिटचा विचारलं तर ती ३२ सांगते. पहिल्यांदा ही दोन उत्तरं एकाखाली एक बघितली तेव्हा मला खरंच आनंद झाला. मला हवी होती ती मांडणी एका ओळीच्या बदलावर समोर होती.

पाय ५ का नाही, हे बऱ्याच जणांनी विचारलं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तो बाजारात आला, वेगाने तो कितीतरी पुढे आहे आणि कर्नल बांधायला तोच बरा. पण त्यातला कॉर्टेक्स ए७६ ३२ बिटचे प्रोग्रॅम चालवतो, ३२ बिटचा कर्नल चालवत नाही. म्हणजे तुलनेचा अर्धा भागच गेला. शिवाय पाय ५ चा नेहमीचा कर्नल १६ केबीची पेजेस (मेमरीचे तुकडे) वापरतो. काही जुने ३२ बिटचे प्रोग्रॅम पेज चार केबीचंच असतं असं गृहीत धरून बांधलेले असतात, त्यामुळे काही बिघडलं तर दोष पेजचा की स्ट्रक्चरचा हा नवा गुंता होतो. दुसरा कर्नल निवडून चार केबीवर येता येतं, हे खरं. तरीही या एका कामासाठी जुना पाय ४ नव्या पाय ५ पेक्षा सरस आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

माझी पद्धत साधी आहे. कार्डाच्या ड्रायव्हरला जितके आयॉक्टल आहेत तितके सगळे मारणारा एक छोटा सी प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक वेळी बफर आधी एका ठरावीक बाइटने भरायचा, मग कॉल करायचा, मग बफर आणि त्याच्या पुढचे ६४ बाइट हेक्समध्ये (सोळाच्या अंकपद्धतीत) फाइलीत ओतायचे. हे तीनदा: ३२ च्या कर्नलवर ३२ चा प्रोग्रॅम, ६४ वर ३२, ६४ वर ६४. तिसऱ्यासाठी ६४ बिटच्या ओएसचं वेगळं मेमरी कार्ड ठेवलंय. मग फायली डिफ या फरक दाखवणाऱ्या कमांडला द्यायच्या. बफरच्या पुढचे बाइट ओतायला विसरू नका, कर्नल जास्त लिहितो का हे तिथेच कळतं. सोबत एस-ट्रेस (strace, प्रोग्रॅमने कर्नलला केलेला प्रत्येक कॉल दाखवणारं हत्यार) चालू ठेवायचा. आणि पाहोल नावाचं एक छोटं हत्यार आहे, ड्वॉर्व्ह्ज नावाच्या पॅकेजमध्ये येतं. ते डीबग माहितीवरून स्ट्रक्चरचा नकाशा काढून देतं, कोणता घटक कितव्या बाइटवर आणि मध्ये भोक कुठे. मी ते वर्षानुवर्षं वापरलं नव्हतं, आता त्याच्याशिवाय एकही स्ट्रक्चर पुढे जाऊ देत नाही. ६४ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्याच कंपायलरने बांधावा लागतो. तो मी ऑफिसच्या पीसीवर क्रॉस कंपाइल करून (एका प्रोसेसरवर दुसऱ्यासाठी बांधून) बोर्डावर आणते. पूर्ण कर्नल पाय ४ वरच बांधायला घेतला तर दीड तासावर जातो.

पहिल्याच दिवशी बोर्डाने पैसे फेडले. ६४ बिटचा कर्नल उठवला, आर्मच्या डब्यातला जुना प्रोग्रॅम चालवला, आणि उत्तर आलं, "इनअॅप्रोप्रिएट आयॉक्टल फॉर डिव्हाइस". ड्रायव्हरमधली कम्पॅटची जागा रिकामीच होती. इतकी वर्षं गरज पडली नव्हती. ती भरली. कर्नल ५.५ पासून यासाठी एक तयार फंक्शन मिळतं, पॉइंटर नीट करून नेहमीच्या आयॉक्टलकडे पाठवणारं. त्यानंतर कॅलिब्रेशनचं स्ट्रक्चर फसलं. त्यात शून्य आणि स्पॅन असे दोन लाँग होते. ३२ बिटच्या प्रोग्रॅमने चार-चारचे दोन दिले, ६४ बिटच्या ड्रायव्हरने पहिल्या आठ बाइटला एकच आकडा समजून शून्य म्हणून घेतलं. डिफमध्ये ते लख्ख दिसलं. दोन्ही नेमक्या ३२ बिटचे केले, जुन्या प्रोग्रॅमची मांडणी तशीच राहिली. लॉगच्या स्ट्रक्चरमध्ये एक पॉइंटर होता, तिथेही तेच झालं आणि तसंच निस्तरलं.

आणि सप्टेंबरमध्ये त्याने आणखी एक गोष्ट दाखवली. वजनाचं मुख्य स्ट्रक्चर तीन घटकांचं आहे: खेपेचा नंबर ३२ बिट, वेळ ६४ बिट, वजन ३२ बिट. हेक्स फायलींत चौथ्या ते सातव्या बाइटवर (मोजणी शून्यापासून) दर वेळी वेगळा कचरा येत होता. पाहोलने सांगितलं, इथे चार बाइटचं भोक आहे. वेळ आठच्या पटीवर बसावी म्हणून कंपायलरने मध्ये चार बाइट सोडले होते, आणि ड्रायव्हर ते न भरता तसेच बाहेर पाठवत होता. म्हणजे कर्नलच्या मेमरीतले उरलेसुरले बाइट बाहेर गळत होते. मी संपूर्ण स्ट्रक्चर आधी शून्याने भरून घेतलं, कचरा बंद झाला. तिन्ही फायली जुळल्या. मी त्या महिन्यात साहेबांना सांगितलं की तपासणी झाली.

ती झाली नव्हती. भोक मला दिसलं होतं, पण ते दुसऱ्या प्रोसेसरवर असेलच का, हे मी स्वतःला विचारलं नव्हतं.

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. गळीत हंगाम तोंडावर. एका काट्याच्या केबिनसाठी नवा पीसी तयार करत होतो, इंटेल प्रोसेसर, ६४ बिटचा कर्नल, वर तोच जुना पावतीचा प्रोग्रॅम. युनिटमध्ये चाचणीचा छोटा प्लॅटफॉर्म आहे. आमच्या वायरमन मामांनी त्यावर २० किलोचं माप ठेवलं. पडद्यावर ४०३. मामा म्हणाले, "मॅडम, कॅलिब्रेशन ऱ्हायलंय जनू." दुसरं माप ठेवलं. ४०३. चारही मापं ठेवली, ८० किलो. ४०३. मग मामांनी सगळी मापं उतरवली, प्लॅटफॉर्म फडक्याने पुसला आणि बाजूला उभे राहिले. रिकाम्या प्लॅटफॉर्मचं वजन ४०३ किलो.

माझ्या पोटात गोळा आला. आकडा डळमळत असता तर वायरिंग, लोडसेल, अर्थिंग असं काहीतरी म्हणता आलं असतं. हा आकडा दगडासारखा स्थिर होता. आणि हेच कार्ड, हाच ड्रायव्हर पाय ४ वर महिनाभर बिनचूक चालला होता.

संध्याकाळपर्यंत उलगडा झाला. ३२ बिटच्या इंटेलवर लिनक्सचा नियम वेगळा आहे: स्ट्रक्चरमधला ६४ बिटचा आकडा आठच्या पटीवर नाही, चारच्या पटीवर बसतो. म्हणजे तिथे ते भोकच नाही. जुन्या प्रोग्रॅमच्या हिशेबाने वेळ चौथ्या बाइटवर, वजन बाराव्यावर, स्ट्रक्चर १६ बाइटचं. ६४ बिटच्या ड्रायव्हरच्या हिशेबाने वेळ आठव्यावर, वजन सोळाव्यावर, स्ट्रक्चर २४ चं. प्रोग्रॅम बाराव्या बाइटवरून वजन उचलत होता, आणि तिथे होता वेळेचा वरचा अर्धा भाग. आमचा ड्रायव्हर वेळ १९७० पासूनच्या मिलिसेकंदात देतो. तो आकडा तेव्हा सुमारे १.७३ लाख कोटी होता. त्याला ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ ने, म्हणजे दोनच्या ३२ व्या घाताने भागा. भागाकार ४०३. खरं वजन तिथेच होतं, चार बाइट पुढे, प्रोग्रॅमने राखून ठेवलेल्या जागेच्या बाहेर, दुसऱ्या कशावर तरी लिहिलं जात होतं.

हा भागाकार साधारण ५० दिवसांनी एकने वाढतो. मी कागदावर हिशेब मांडला: २६ डिसेंबरला पहाटे सव्वाचारच्या सुमारास ४०४ यायला हवा. जुन्या ड्रायव्हरचा तो पीसी मुद्दाम एका कोपऱ्यात चालू ठेवला. २६ ला सकाळी मामांनी शटर उघडलं आणि मला फोन केला, "मॅडम, च्यारशेच्यार आलं बघा."

आर्ममध्ये ३२ बिटलाही ६४ बिटचा आकडा आठच्याच पटीवर बसतो. भोक दोन्हीकडे सारखंच. म्हणून पाय ४ वर तिन्ही फायली जुळल्या, आणि त्या खरोखर जुळतच होत्या. बोर्डाने मला खोटं काही सांगितलं नाही. मी त्याला इंटेलबद्दलचा प्रश्न विचारत होते आणि तो आर्मचं उत्तर देत होता. हे परीक्षण लिहिण्याचं मुख्य कारण हे आहे. तुमचा ३२ बिटचा प्रोग्रॅम आर्मचा असेल तर पाय ४ इतकी चांगली तपासणीची जागा या किमतीत मला दुसरी माहीत नाही. तुमचा प्रोग्रॅम इंटेलचा असेल तर लाँग आणि पॉइंटरच्या चुका पाय ४ पकडेल, पण ६४ बिटच्या आकड्याच्या जागेची चूक त्याला दिसूच शकत नाही. त्यासाठी इंटेलचंच मशीन लागतं. मी एका जुन्या पीसीवर डेबियन १२ च्या दोन प्रती शेजारी शेजारी टाकल्या आहेत, एक ३२ बिटची, एक ६४ ची, कारण १२ व्या आवृत्तीत ३२ बिटचा कर्नल अजून मिळतो.

आणखी एक चूक आमच्या घरचीच होती. आयॉक्टलचा नंबर बनवताना त्यात स्ट्रक्चरचा आकार घालायची सोय असते, १४ बिट त्यासाठीच ठेवलेले आहेत. आमच्याकडे पूर्वी कुणीतरी आकाराविना नुसते नंबर दिले होते. आकार घातला असता तर १६ आणि २४ चे नंबर वेगळे झाले असते, कर्नलने कॉल नाकारला असता आणि पावतीवर काही छापलंच गेलं नसतं. बंद पडलेला काटा परवडतो. चुकीचं वजन छापणारा नाही. नशिबाने ४०३ हा आकडा कुणाच्याही डोळ्यांत भरेल असा होता. भोक दुसऱ्या जागी असतं आणि आकडा १० किलोने इकडेतिकडे झाला असता तर? त्या विचाराने मी दोन रात्री नीट झोपले नाही.

दुरुस्ती अशी केली. जुन्या प्रोग्रॅमचा १६ बाइटचा नकाशा आता कायमचा, त्याला हात लावायचा नाही. कम्पॅटच्या वाटेने आलेल्या कॉलसाठी ड्रायव्हरमध्ये वेगळं स्ट्रक्चर ठेवलं, त्यात वेळेचा प्रकार कर्नलचाच 'कम्पॅट यू६४'. हा प्रकार इंटेलवर चारच्या पटीवर बसतो आणि आर्मवर आठच्या, म्हणून एकच कोड दोन्हीकडे बरोबर बांधला जातो. नव्या प्रोग्रॅमसाठी नवा आयॉक्टल, नंबरमध्ये आकार, आणि भोकाच्या जागी नाव देऊन ठेवलेला चार बाइटचा राखीव घटक. मग सगळ्या फायली पुन्हा, पाय ४ वर आणि पीसीवर.

असल्या चुका फक्त आमच्यासारख्या छोट्या युनिटमध्ये होतात असं कुणी समजू नये. कर्नलमध्ये नेटवर्कची चाळणी करणारा नेटफिल्टर नावाचा भाग आहे, त्याच्या कम्पॅट कोडमध्ये, ३२ बिटच्या स्ट्रक्चरचं ६४ बिटमध्ये रूपांतर करताना शेवटची रिकामी जागा शून्याने भरण्याच्या ओळीत, हद्दीबाहेर लिहिणारी एक चूक होती. २००६ साली शिरलेली, २०२१ साली उघड झाली. पंधरा वर्षं. जगभरातले डोळे त्या कोडवर असूनही. ही वाट कमी वापरात असते, म्हणून तिच्यावरच्या चुका लवकर सापडत नाहीत.

"बोर्ड कशाला, क्यूईएमयूवर करा की," असं आमच्याकडे इंटर्नशिपला आलेल्या मुलाने सुचवलं होतं. चांगला मुलगा, चांगला प्रश्न. पण क्यूईएमयू म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, आणि त्याचे दोन प्रकार आहेत. त्यातला नुसता प्रोग्रॅम चालवणारा प्रकार आयॉक्टलचं भाषांतर स्वतःच करून खालच्या कर्नलला ६४ बिटचा कॉल देतो. म्हणजे तुम्ही तपासता क्यूईएमयूचं भाषांतर, कर्नलचं कम्पॅट नाही. आणि आमच्या कार्डाचे आयॉक्टल त्याच्या तक्त्यात नसतातच. पूर्ण मशीन उभं करणारा प्रकार खरा कर्नल चालवतो, तो योग्य आहे, पण आर्मचं मशीन इंटेलवर फार हळू चालतं आणि यूएसबी कार्ड आत नेताना वेगळी कटकट. त्याला दोन्ही करून दाखवलं. त्याने एस-ट्रेसमध्ये फरक स्वतः बघितला आणि दुसऱ्या दिवशी पाय ४ साठी टेस्टची स्क्रिप्ट लिहून आणली.

बाकी वापराचं थोडक्यात. पहिला आठवडा मी तो घरातल्या मोबाइल चार्जरवर चालवला, ते चुकलं. मध्येच वेग पडायचा. वेग कापला गेला का हे सांगणाऱ्या 'गेट_थ्रॉटल्ड' कमांडला विचारल्यावर ५०००० असं उत्तर आलं, म्हणजे मागे कधीतरी व्होल्टेज पडलेलं आणि वेग कापलेला. ५.१ व्होल्ट, ३ अॅम्पिअरचा अॅडॉप्टर घेतला, उत्तर शून्यावर आलं आणि आजपर्यंत शून्य आहे. कुपवाडला लाइट न सांगता जाते. दुसऱ्याच महिन्यात एक मेमरी कार्ड त्यात खराब झालं. आता कामाची फाइल सिस्टिम यूएसबी ३ वरच्या छोट्या एसएसडीवर आहे आणि कार्ड फक्त दुसऱ्या ओएससाठी. उष्णतेचं म्हणाल तर हीटसिंक लावाच. सांगलीच्या एप्रिलमध्ये, पत्र्याच्या शेडमध्ये, उघडा बोर्ड ८० अंशांच्या आसपास जातो आणि मग स्वतःहून वेग कमी करतो. अॅल्युमिनियमची केस घातल्यावर मला पंखा लागला नाही. स्टेशन रोडला दुकानात "मागवून देतो" म्हणाले होते, पण घाई होती म्हणून ऑनलाइन घेतला. तेव्हा साडेपाच हजारांच्या आत बसला.

एक चाचणी अशी आहे की ती याच बोर्डावर करायला सोपी. ३२ बिटची जुनी वेळ (१९७० पासूनचे सेकंद) १९ जानेवारी २०३८ ला संपते, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. जानेवारी म्हणजे हंगाम जोरात, त्या वेळी काट्यापुढे ट्रॅक्टरची रांग लागलेली असते. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. एरवी ही उणीव, इथे सोय. नेटवर्कवरून वेळ घेणं बंद केलं, तारीख त्या दिवशी ८ वाजून ४२ मिनिटांवर ठेवली आणि आर्मच्या डब्यातला जुना प्रोग्रॅम चालू करून बसले. आधी ३२ च्या कर्नलवर, मग ६४ च्या. दोन्हीकडे ८:४४:०७ पर्यंत पावती बरोबर, पुढच्या सेकंदाला तारीख डिसेंबर १९०१. कर्नल ६४ बिटचा केला म्हणजे ३२ बिटचा प्रोग्रॅम आपोआप सुटत नाही, हे साहेबांना शब्दांत सांगून पटत नव्हतं. ती छापलेली पावती त्यांच्या टेबलावर ठेवली. डब्यातला प्रोग्रॅम आमच्याकडे सोर्ससकट आहे. त्यामुळे तो ग्लिबसी या लिनक्सच्या सी लायब्ररीच्या ६४ बिट वेळेसह (२.३४ पासून, २०२१) पुन्हा बांधला आणि त्याच दोन मिनिटांतून पुन्हा नेला. या वेळी १९ जानेवारीच राहिली. प्रयोग झाल्यावर तारीख परत मागे आणूनच बोर्ड बंद करा. बंद होताना तो शेवटची वेळ लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी २०३८ मध्येच उठतो.

केबिनमधल्या इंटेलच्या पावतीच्या प्रोग्रॅमला हा उपाय नाही, सोर्स नाही म्हणून. तो नव्याने लिहायला घेतलाय. स्ट्रक्चरचे नकाशे पाहोलवरून छापून भिंतीला लावलेत, आर्म आणि इंटेल शेजारी शेजारी, आणि वजनाच्या घटकापुढे १२ आणि १६ हे दोन आकडे लाल पेनने लिहिलेत. मार्चअखेर हंगाम संपला की दुसरा पाय ४ मागवायचा आहे, या वेळी दोन जीबीचा. या कामाला तेवढी रॅम पुरते.